बाजेवर वाळलेली मेंबरेन

"या अल्ला! मावशी, या शीट बाजेवर कुणी टाकल्या?"

नाजनीन मॅडम शेडच्या मागल्या अंगणात उभी. समोर दोन बाजा, बाजांवर धुतलेलं लुगडं आणि लुगड्यावर आमच्या सगळ्या शीट. ऊन कडक. माझी धाकटी जाऊ बेबी हौसेनं पुढं आली.

"मीच टाकल्या. टबात बुळबुळीत झालेल्या, वास मारत होत्या. उद्या शेठ येणार. वासाच्या दाखवायच्या का त्यांना?"

बेबीचं माहेर पेणचं. लहानपणापासून पापड लाटलेली बाई. पातळ काय हातात आलं की ती उन्हात टाकणार.

मॅडमनं एक शीट उचलली. ती कडकडली. मॅडम तिथंच ओट्यावर बसली.

"मेली गं मावशी. सगळी मेली."

हे काम ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांगते. लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. कुणी पिळत न्हाय, कुणी दाबत न्हाय. मीठच ते ओढून घेतं. आमच्या शेडमधी तेच चालतं. एका अंगाला माझ्या विहिरीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला खताचं घट्ट पाणी, आणि मधी मेंबरेन. मेंबरेन म्हंजे पातळ पडदा, त्याच या शीट. खत पाणी ओढतं, पडदा मीठ अडवतो. खत पुरतं पातळ झालं की टाकीतलं पावसाचं पाणी त्यात मिसळायचं आणि कांद्याला सोडायचं. मॅडम त्याला फॉरवर्ड ऑस्मोसिस म्हंते. मला ते म्हणता यायला लागलं, पण दात बसवल्यावर.

विहीर माझी, म्हणून मला त्याची जास्त पडली होती. माझा जन्म मिठागरात गेला. नवरा पण तिथंच गेला, डोक्यावर मिठाची पाटी असताना. मग खाडीचा बांध फुटला, भरतीचं पाणी शेतात शिरलं. पांढरा कांदा लावायचा तुकडा, त्यावर मीठ फुलायला लागलं. विहिरीचं पाणी गुरं तोंडात धरीनात. रडून विहीर गोड व्हत न्हाय, म्हणून मी रडले न्हाय. दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जात राहिले.

मॅडम आगरदांड्याची पोर. बाप आखातात कामाला, पोरगी इंजिनिअर. मुंबईच्या शेठची कंपनी, त्यांनी तिला माझ्या तुकड्याच्या कडेला शेड टाकून दिली. ती म्हणाली, "मला नाजूक हाताच्या बायका हव्यात." मी हात पुढं केले. मिठानं चिरलेले. ती म्हणाली, "चालतील."

काम असं. काचेवर खळीसारखं द्रावण ओतायचं. पात्यानं एका दमात ओढायचं, मधी थांबलं की शीट गेली. लगेच काच गार पाण्यात बुडवायची. बघता बघता दुधावरच्या साईसारखा पांढरा पडदा सुटून येतो. पहिल्यांदा सुटला तेव्हा बेबीनं हात जोडले.

पण त्या पहिल्या शीट जाड. मीठ अडायचं, पाणीबी अडायचं. मॅडमनं पातळ केल्या तर फाटायला लागल्या. मग तिनं पोटात बारीक जाळी घातली. फाटायच्या थांबल्या तर मीठ झिरपायला लागलं. मग शीट गरम पाण्यात धरून तिची बारीक भोकं आवळून घेतली. दर वेळेला टेस्ट, दर वेळेला मीठ मोजायचा मीटर बघून मॅडमचं तोंड पडलेलं. शेवटी एक जमली. तशाच बाकीच्या केल्या, टबातल्या पाण्यात ठेवल्या. आणि त्या आता लुगड्यावर कडक झालेल्या.

मी विचारलं, "परत भिजवल्या तर?"

"न्हाय मावशी. पाणी उडालं की आतली भोकं चिकटतात. मग मीठबी जात न्हाय, पाणीबी जात न्हाय."

बेबीनं पदर तोंडाला लावला. मॅडम उठली आणि म्हणाली, "द्रावण शिल्लक हाय. चला, काचा पुसा."

शेडमधी काम करणाऱ्या आम्ही पाचही बाया बसलो. जेवण उभ्यानं केलं. दिवस मावळायच्या आत चौकटीत बसवायला पुरतील एवढ्या ओल्या शीट तयार केल्या.

सकाळी शेठ आले. पाणी ओढताना बघितलं, मीटर बघितला, मान हलवली. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या कडक शीटवर गेली. मॅडमनं खरं ते सांगितलं.

शेठ म्हणाले, "म्हंजे वाळली की खलास? मग गावोगाव काय टब भरून नेणार? शेतकरी चार दिवस लग्नाला गेला, पंप बंद राहिला, तर?"

"मी उपाय काढते, सर."

"सोमवारपर्यंत काढ. न्हायतर शेड बंद करू. बाहेरची तयार शीट घेऊ, ती दुसऱ्या साइटला लावू."

दुसरी साइट म्हंजे माझी विहीर न्हाय.

शेठची गाडी गेल्यावर मॅडमनं बेबीला हाक मारली. मला वाटलं, आता तिला रागावणार.

"बेबीमावशी, पापड लाटताना हाताला तेल का लावता?"

"चिकटू नये म्हणून. कोरडा पडून चिरू नये म्हणून."

मॅडम हसली. "यालाबी तसंच कायतरी लागेल. पुस्तकात हाय. ग्लिसरीन. भोकात पाणी असतं तिथं ग्लिसरीन जाऊन बसतं. ते उडत न्हाय, म्हणून भोक मिटत न्हाय."

ग्लिसरीन मला ठाऊक. मिठागरात टाचा फुटायच्या तेव्हा तेच चोळायचो. मी बाजारात गेले आणि मेडिकलवाल्याच्या सगळ्या बाटल्या मागितल्या.

तो म्हणाला, "मावशी, तुला टाचा किती हायत?"

"तू बाटल्या मोज. टाचा मी मोजते."

पहिल्या शीट पातळ ग्लिसरीनमधी बुडवल्या. वाळून पुन्हा मेल्या. मग घट्ट केलं. या वेळेला उन्हात सुकवल्या तर कडा वळल्या. बेबी म्हणाली, "सावलीत घाला, वरून मलमलीचा कपडा टाका." मॅडम म्हणाली, "माझंबी तेच म्हणणं हाय." दोघी एकमेकींकडं बघून पहिल्यांदा एकाच बाजूला झाल्या.

शीट वाळल्या. वळल्या न्हायत, कडकडल्या न्हायत. चामड्यासारख्या मऊ राहिल्या. रविवारी पाण्यात धुऊन चौकटीत बसवल्या. मॅडमनं मीटर बुडवला आणि डोळे मिटून घेतले.

मी म्हणाले, "उघड की. मला वाचता येत न्हाय."

तिनं डोळे उघडले. मग मला एवढं घट्ट धरलं की माझा चष्मा पडला.

सोमवारी शेठ आले. बेबीनं त्यांच्या हातात वाळलेली शीट दिली. त्यांनी ती दुमडली, वास घेतला, मग ती धुऊन चौकटीत बसवून पंप चालू करायला लावला. खताचं पाणी हळूहळू वर चढायला लागलं. शेठ जाताना एवढंच म्हणाले, "शेड राहू दे."

त्या वर्षी माझ्या तुकड्यावर कांदा लागला. खारं पाणी असलं की पातीचे शेंडे जळतात. मी रोज सकाळी वाकून शेंडे बघायची. शेवटपर्यंत हिरवे राहिले. आमच्या शीट आता दुसऱ्या गावालाबी जातात, प्लास्टिकच्या पिशवीत, वाळवून. पात्यानं ओढलेली शीट कुणाची हे मला नुसतं बघून सांगता येत न्हाय, पण माझी कुठली ते मला कळतं.

यातनं शिकण्यासारखं एवढंच, की काय पण उन्हात टाकायच्या आधी विचारावं. बेबीला हे सांगितलं की ती म्हंते, "मी टाकल्या नसत्या तर ग्लिसरीन सुचलं असतं का?"