तुरीतली अंबाडी अन् चान्या

बायांनो, नायगावच्या दवाखान्यात नातीच्या खाटेवर बसून लिहून राहिले. चुकलं तर समजून घ्या.

काल दसऱ्याला पुरण झालं, आज वशाटाचा दिवस. चुलीवर टांगून धुरात वाळवलेल्या मटणाच्या चान्या काढल्या, त्यात अंबाडीचा पाला घातला अन् सकाळपासून मंद जाळावर रटरटत ठेवलं. माझी नात पिंकी कुणाची वाट बघती? भाकर चुरून वाटीभर खाऊन मोकळी!

तेवढ्यात लेक शेतातून आला. "माय, अंबाडी कुठली गं?"

"आपल्याच तुरीतली, काल मीच तोडली. इकत आणू का?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, परवाच तुरीवर अळीचं औषध मारलंय!"

तुरीच्या तासात, ओळीओळीमधी, अंबाडी आपणच पेरतो. भाजी बाया तोडतात, फवारा गडी मारतात, अन् बोलायला दोघांच्याही तोंडाला कुलूप.

औषधाची बाटली संग घेऊन गाडीवर दवाखाना गाठला. डॉक्टरला म्हनलं, "लई धुतली, लई शिजवली." तो म्हणतो, "आजी, शिजवल्यानं औषध मरत नाही."

पिंकीला उलटी झाली, सलाईन लावलंय. उद्यापर्यंत नजर ठेवायची म्हणतात. आत्ता झोपलीय, अन् मी घडीघडी तिच्या नाकापुढं बोट धरून बघून राहिले.

पातेलं खड्ड्यात पुरायला लावलं, चान्या गेल्या तर जाऊ द्या. मला एवढंच सांगा, तुमच्या घरचा गडी फवारून आला की चुलीपाशी येऊन सांगतो का? न्हाई सांगत तर तुम्ही इचारता का?