नऊ नंबरची डावी बाजू

टेपकाकांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी कधी वापरलं नाही. परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना विद्यापीठात घेण्याआधी वर्षभर इंग्रजी शिकवणारा एक विभाग होता. त्याच्या भाषा प्रयोगशाळेत काकांनी सत्तावीस वर्षं टेप वाजवल्या. मूळचे ते रेडिओ दुरुस्त करणारे. दुकान चालेना म्हणून ही नोकरी धरली, तेव्हा त्यांचं इंग्रजी 'येस' आणि 'नो' एवढंच होतं, आणि त्यातलं कुठलं कधी म्हणायचं याचाही भरवसा नव्हता.

निवृत्तीला आता बारा वर्षं झाली, पण ती खोली त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. चोवीस बूथ, दोन्ही बाजूंना छिद्रं पाडलेल्या पांढऱ्या फळ्या, समोर काच. पुढच्या टेबलावर बटणांचा लांबलचक पट. तिथे बसून काकांना कुठल्याही बूथमध्ये कान घालता यायचा. कुठल्या कुठल्या देशांची पोरं एकाच वाक्याशी झटापट करत असायची, आणि काका चिकटपट्टी नि ब्लेड घेऊन तुटलेली टेप जोडत ती झटापट ऐकत बसायचे. मुलांना ते बूथच्या नंबरानं ओळखत. चुकीचं नाव घेण्यापेक्षा बरोबर नंबर घेतलेला बरा, असं त्यांचं म्हणणं.

हेडफोनचे स्पंज महिन्यातून एकदा धुवायला घरी यायचे. बायको बादलीत हात घालून म्हणायची, "तुमच्या विद्यापीठात ज्ञान येवो न येवो, साऱ्या जगाच्या कानांचा मळ तेवढा माझ्या घरी येतो."

ऐकून ऐकून काकांना इंग्रजी येऊ लागलं, पण आलं ते व्याख्यानांचं. रस्त्यात एखाद्या मुलानं टपाल कचेरी कुठे म्हणून विचारलं, की ते "सर्वप्रथम" म्हणून सुरुवात करत, "याउलट" म्हणून वळण सांगत आणि "सारांश" म्हणून पोचवत. मुलं हसायची, पण वाट चुकायची नाहीत.

एका वर्षी नऊ नंबरच्या बूथमध्ये एक मुलगी बसायची. बारीक अंगाची, वहीवर पार ओणवी होऊन लिहिणारी. लेखन चांगलं, वाचन चांगलं, प्रयोगशाळेतला सरावही उत्तम. पण व्याख्यान ऐकून टिपणं काढायची परीक्षा सभागृहात व्हायची, भिंतीवरच्या मोठ्या कर्ण्यावर, आणि तिथे ती दोनदा सपशेल आपटली. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याला घरी परत जावं लागे.

शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "तुमच्या खोलीत हिला वीसपैकी अठरा गुण, सभागृहात पाच. शेजारच्याचं बघून लिहीत असणार, दुसरं काय?"

"फळ्या आहेत बाई मध्ये," काका म्हणाले. "बघणार कुठून?"

"मग तुम्हीच सांगा कसं ते."

ती गोष्ट काकांच्या मनातून जाईना. ज्या पोरीला ते तीन महिने काचेतून पाहत होते, तिच्यावर चोरीचा आळ यावा, हे त्यांना लागलं.

पुढच्या आठवड्यात ते सगळे हेडफोन तपासायला बसले. नऊ नंबरची डावी बाजू मुकी निघाली. उघडून पाहिलं तर आतली तार तुटलेली, आणि तुटलेलं टोक हिरवं पडलेलं. तांबं एका दिवसात हिरवं पडत नाही, त्याला महिने लागतात. इतर बूथमध्ये नुसती खरखर झाली तरी दोन मिनिटांत हात वर व्हायचा. इथे एक कान महिनोन्महिने बंद, आणि तक्रार नाही.

काकांनी तार जोडली. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर मुलीला थांबवलं आणि फक्त डाव्या बाजूला बारीक शिटी सोडली. ती शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिली. आवाज वाढवला. तरी तशीच. मग उजवीकडे सोडली, तशी ती दचकली. काकांचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"लहानपणी ताप आला होता," ती म्हणाली. "तेव्हापासून. अर्जात लिहिलं नाही. वाटलं, घेणार नाहीत."

"सभागृहात कुठे बसतेस?"

"नंबरानं बसवतात. कर्णा डावीकडे येतो. सगळं घुमतं नुसतं." मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नका."

काकांनी मान डोलावली आणि घरी येऊन पस्तावले. शब्द पाळला तर पोरगी जाणार, मोडला तर आपण तिच्या नजरेतून उतरणार. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुम्ही तोंडच उघडू नका. तिलाच न्या बाईंकडे. बोलेल ती. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

मुलीला तयार करायला चार दिवस लागले. बाईंच्या खोलीत तिनं सगळं सांगितलं; काका दाराशी खांबासारखे उभे. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तुला चोर ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "चूक माझी."

विभागप्रमुख मात्र ऐकेनात. परीक्षा सभागृहातच होते, नियम म्हणजे नियम. बाईंनी नियमावली मागवली, ओळीवर बोट ठेवलं. तिथे सभागृहाचं नावच नव्हतं. 'स्पष्ट ऐकू येईल अशा जागी' एवढंच लिहिलेलं होतं. प्रमुखांनी ती ओळ तीनदा वाचली आणि सही केली.

परीक्षा नऊ नंबरमध्ये झाली. काकांनी टेप लावली आणि वीस मिनिटं बटणावरून नजर काढली नाही. मुलगी पास झाली, ती फक्त दोन गुणांनी. काकांना मनातून जरा जास्त हवे होते. पुढच्या वर्षीपासून प्रवेशअर्जात बाईंनी एक ओळ घालून घेतली: काही वेगळी सोय लागत असल्यास निःसंकोच लिहा. पहिल्याच वर्षी सहा जणांनी ती भरली.

ती मुलगी पुढे वनस्पतिशास्त्र शिकली, मायदेशी गेली. तिची दोन लांबलचक पत्रं आली, मग येईनाशी झाली. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. पोरं शिकून आपापल्या कामाला लागतात, ते ठीकच आहे.

गेल्या वर्षी पेन्शनच्या कागदावर सही करायला ते विभागात गेले होते. बूथ केव्हाच मोडीत गेलेत. त्या जागी लांब टेबलं, मुलांच्या कानात हरभऱ्याएवढी यंत्रं, आणि ज्याचं त्याचं ऐकणं ज्याच्या त्याच्या खिशात. एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, "कुणाला शोधताय का?"

"नाही, मी इथे टेप वाजवायचो," काका म्हणाले.

तिला अर्थ लागला नसावा, पण तिनं खुर्ची ओढून दिली. पुढे तासभर काका तिथे बसून होते. एक मुलगा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि दर वेळी तिथेच चुकत होता, ते ऐकत.