वजन वाढलं

माझा नवरा शवागारात काम करतो. डॉक्टर छाती उघडतात, आतला एकेक अवयव हा उचलून काट्यावर ठेवतो नि आकडा मोठ्याने सांगतो. म्हणून तिथे त्याला सगळे 'काटेवाला' म्हणतात. लग्नाआधी मला सांगितलं, दवाखान्यात नोकरी आहे. मीही बावळट, पुढे विचारलं नाही.

साथ आली नि त्याची थट्टामस्करी आटली. निरोगी फुप्फुस स्पंजासारखं, दाबलं की दबतं. साथीत गेलेल्यांची निघायची घट्ट, काळपट लाल. कापली की पाणी गळायचं. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर हवेच्या इवल्या पिशव्यांना आतून चिकट पापुद्रा बसलेला, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या. हवा आत शिरणार कुठून, कपाळ! घरी आला की आंघोळीआधी मला दारातूनच सांगायचा, आजही वजन जास्तच. कधी दीडपट, कधी दुप्पट.

सासूबाईंच्या कानावर यातलं काही घालायचं नाही, असं आमचं ठरलेलं. त्यांचा जीव धाकट्यात अडकला होता. माझा हा दीर म्हणजे काडीपैलवान. त्याच दवाखान्यात त्याला मशीनवर ठेवलेलं, भेटायला बंदी. आधीच अंगात काही नाही, कसं टिकायचं माझं पोर, हे सासूबाईंचं दिवसभराचं पालुपद.

त्या दुपारी फोन वाजला. सासूबाईंनीच झडप घालून उचलला, स्पीकरवर टाकला, धाकटा कसा आहे म्हणून विचारलं. पलीकडून नवरा म्हणाला, "आई, वजन फार वाढलं होतं गं." आणि फोन बंद.

दीर सकाळीच गेला होता. मोठा भाऊ म्हणून शवविच्छेदनाला यानेच होकार दिला, डॉक्टर नको नको म्हणत असताना काट्यापाशीही हाच उभा राहिला, हे मला मागाहून कळलं. पण दीर गेला, ते त्या वाक्यातच कळलं.

सासूबाई मात्र हरखल्या. अंगाला लागलं म्हणायचं एकदाचं, असं म्हणत त्यांनी कपाट उघडलं नि दिराचे सदरे काढून खांद्यात ताणून बघायला लागल्या. आता घट्ट होतील म्हणे. दोन शब्द धड बोलता आले नाहीत म्हणून नवऱ्याचा असा राग आला की बस्स.

मी त्यांच्या हातातला सदरा धरला. म्हटलं, "आई, ते वजन त्याचं नव्हतं. फुप्फुसांचं होतं. आपला धाकटा गेला."

त्यांनी सदरा माझ्याकडून ओढून घेतला.

"अभद्र बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याच्या सख्ख्या भावाने सांगितलंय मला."