तीन डबे आणि एक अंगठा

आमच्या घरात इंटरनेट होतं, फक्त ते ओटीच्या आत यायला तयार नव्हतं.

दोष त्याचा नव्हता. वेंगुर्ल्याजवळचं हे घर बारा वर्षांपूर्वी मी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं. आतल्या भिंती विटांच्या करूया, असं गवंडी म्हणत होता. मीच हट्टाने त्याही जांभ्या चिऱ्याच्या करायला लावल्या. घर कसं किल्ल्यासारखं हवं! (झालंही तसंच. बाहेरचं काही आत शिरत नाही.)

प्रश्न मधुराचा होता. ही आमची एकुलती एक मुलगी, पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीला. तिच्या मॅडमनी महिनाभर घरून काम करून बघायची परवानगी दिली होती. मीटिंगा न तुटता पार पडल्या तर पुढेही घरूनच, नाहीतर परत पुणं. सहा वर्षांनी पोरगी दोन्ही वेळेला पानावर दिसत होती. सुनंदा, म्हणजे माझी बायको, रोज तिच्या आवडीचं काही ना काही रांधत होती. मी पेपर वाचायचं सोंग करून तिचं आतल्या खोलीतलं इंग्रजी ऐकत बसायचो. पण पहिल्याच आठवड्यात ते इंग्रजी चार वेळा अर्ध्यावर तुटलं. ओटीवर बसून काम करावं, तर मासेवाली थेट पायरीपर्यंत यायची. एकदा तिने वर धरलेले बांगडे पुण्याच्या सगळ्या टीमने बघितले. त्या दिवशी मधुरा जेवताना म्हणाली, "बाबा, असाच चल्ला तर माका जावचा लागतला."

मी हायस्कूलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ध्वनिलहरी, प्रकाशलहरी, सगळ्या लहरी माझ्या हाताखालून गेल्या. एका वाय-फायपुढे मी हार मानणार नव्हतो.

कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारून मी तक्ता केला. एकच मोठा राउटर आणावा, तर चिऱ्यापुढे तोही थकणार. सिग्नल पुढे ढकलणारा साधा डबा स्वस्त, पण त्याचं नेटवर्क वेगळं आणि वेगही निम्म्यावर येतो म्हणे. राहिलं मेश. तीन डबे, सगळ्यांचं नाव एक, माणूस ओटीवरून न्हाणीघरापर्यंत बोलत गेला तरी तुटायचं नाही. तोट्याच्या रकान्यात मी 'महाग' एवढंच लिहिलं आणि तेही खोडलं. कुडाळच्या दुकानदाराने डबे हातात देताना मला नीट समजावलं होतं. "सर, हे तिगय हातात हात धरून उभे रवतत. मधल्यान हात सोडल्यान, की पुढचो गेलोच म्हणान समजा." मी मान डोलवली. शिक्षक असल्यामुळे दुसऱ्याने समजावलेलं मी ऐकतो, पण घरी कोणाला सांगत नाही.

पहिला डबा ओटीवर, दुसरा स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या प्लगात आणि तिसरा मधुराच्या खोलीत बसवला. ॲपवर तीन हिरवे दिवे लागले. मी गावभर सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी मधुराची मीटिंग तुटली. तिसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी. चौथ्या दिवशी पुन्हा अकराच्या सुमारास. पाच-सात मिनिटं सगळं मेलेलं, मग आपोआप जिवंत. मी वही घालून वेळा टिपल्या. फणसाच्या झाडावर संशय आला, म्हणून खिडकीसमोरची फांदी तोडली. भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं, पण भरती रोज वेळ बदलते आणि आमचं नेट तसलं काही करत नव्हतं. शेवटी मी निष्कर्ष काढला की हवेतून पाठवणंच चूक आहे. स्वयंपाकघर आणि मधुराची खोली यांच्यामधल्या भिंतीला भोक पाडायचं आणि दोन डबे केबलने जोडायचे.

मधुराने हात जोडून सांगितलं, "बाबा, गुरुवारी अकराक परदेशातले लोक आसत, मॅडम पण आसत. तवसर कशाक हात लावू नकात." मी ते मान्य केलं. म्हणजे मी ठरवलं की गुरुवारी अकराच्या आत उरकायचं.

गुरुवारी साडेदहाला ती नाश्ता करत असताना मी तिच्या खोलीत ड्रिल घेऊन शिरलो. चिरा भराभर गेला. मग काहीतरी वेगळं लागलं, ड्रिलचा आवाज बदलला, आणि भिंतीतून पाण्याची बारीक पिचकारी निघून माझ्या चष्म्यावर बसली. स्वयंपाकघरातल्या बेसिनची पाइपलाइन मी ह्याच भिंतीतून नेली होती. (मीच नेली होती. प्लंबर नको म्हणत होता.)

मी ड्रिल लांब टाकलं आणि भोकावर अंगठा दाबला. पाणी थांबलं. अंगठा काढला की ते सरळ मधुराच्या लॅपटॉपवर जात होतं. ती धावत आली, तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं. टेबल हलवायला वेळ नव्हता, ओटीवर जावं तर मासेवाली यायची वेळ. तिने मला कॅमेऱ्याच्या खाली, खुर्चीमागे उकिडवं बसवलं. सुनंदाला टाकीचा कॉक बंद करायला गच्चीवर पाठवलं. आणि चेहरा सारखा करून मीटिंग सुरू केली.

मी बनियनवर, भिजलेला, अंगठा भिंतीत, डोक्यावर लेकीचं इंग्रजी. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. तुटलं नाही. सव्वाअकरा झाले, तरी तुटलं नाही. अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या, पण माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. आज वेगळं काय आहे? भिंत तीच, फणस तोच, डबे तेच. फरक एकच, आज सुनंदा स्वयंपाकघरात नव्हती.

एवढ्यात ती दारात आली. तिला मीटिंग म्हणजे नेमकं काय ते कधीच उमगलेलं नव्हतं. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अवो, कॉक घट्ट झालो, फिरणा नाय. आणि माका खोबऱ्याचा वाटप वाटूचा आसा. रोजच्यासारखो तो पांढरो डबो काडून मिक्सर लावू मा?"

"रोज काडतंस?" मी उभा राहिलो.

उभा राहिलो म्हणजे अंगठाही माझ्याबरोबर आला. मधुराने लॅपटॉप झटक्यात डोक्यावर उचलला, त्यामुळे कॅमेरा फिरला, आणि परदेशातल्या लोकांना एक भिजलेला म्हातारा, भिंतीतलं कारंजं आणि खोबऱ्याची वाटी धरलेली बाई असं एकदम दिसलं. सुनंदा शांतपणे म्हणाली, "थंय प्लग एकच आसा. वाटून झाला की परत लावतंय मगे."

टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहिलं. मधुरा ओटीच्या पायरीवर बसून फोनवर तिच्या मॅडमशी बोलली. मी ओला पंचा खांद्यावर टाकून लांब उभा होतो. पोरगी आता पुण्याला जाणार आणि ह्याला कारण मी, एवढंच डोक्यात होतं. फोन ठेवून ती हसत सुटली. मॅडमनी म्हटलं होतं की इतकं स्वच्छ चित्र त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातूनही येत नाही. वडिलांच्या अंगावरचा प्रत्येक थेंब वेगळा दिसत होता. घरून काम चालू ठेवायला हरकत नाही.

मिक्सरला दुसरा प्लग बसला. भिंत प्लंबरने बुजवली, मला जवळ येऊ न देता.

संध्याकाळी मधुराने ॲपमध्ये दोन नेटवर्कं केली, एक घरच्यांचं आणि एक येणाऱ्या-जाणाऱ्यांचं. दुसऱ्यावरून सेटिंगला हात लावता येत नाही म्हणे. आता घर माझ्या नावावर आहे, घरपट्टी मी भरतो, पण यादीत माझ्या फोनपुढे लिहिलेलं आहे, 'पाहुणा'.