तीन डॉक्टरांचा परिचय

मी राहायला वारूळवाडीत आणि शिकवायला शेजारच्या हायस्कुलात. विषय मराठी. पण पंचक्रोशीत मला लोक ओळखायचे ते माईकमुळे. सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन असो, कुणाची एकसष्टी असो, सूत्रसंचालनाला मीच. बदल्यात शाल आणि नारळ मिळायचा. नारळ घरात खपायचे, शाली कपाटात साठायच्या.

त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी बाजारातला जुना दवाखाना सोडून हमरस्त्याला दुमजली इमारत बांधली, तेव्हा बोलावणं मलाच येणार हे मी धरूनच चाललो होतो. आलंही. मोबाईल नुकतेच लोकांच्या खिशात दिसायला लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट.

दवाखाना एका घरचा आणि डॉक्टर तीन. थोरल्या डॉक्टरांना सगळा गाव दादा म्हणायचा. त्यांची पदविका होमिओपॅथीची, पण त्यांनी कुणाला साखरेच्या पांढऱ्या गोळ्या दिल्याचं मला आठवत नाही. त्यांची श्रद्धा सुईवर. लोकांचीही सुईवरच होती, म्हणून दोघांचं चाळीस वर्षं उत्तम जमलं. पेशंट फारच गळून गेलेला दिसला, तर दादा सलाईन लावायचे. दुसरे डॉक्टर म्हणजे त्यांचा मुलगा. तो आयुर्वेदाचा पदवीधर आणि त्याची श्रद्धा मशीनवर. ईसीजीचं मशीन त्यानं आणलं तेव्हा पहिले आठ दिवस पाय मुरगळलेल्यांचाही ईसीजी निघाला होता. तिसऱ्या डॉक्टर म्हणजे दादांची सून. तिघांत त्या एकट्या एमबीबीएस, वर बायकांच्या आजारांची पदविका. शिक्षण सगळ्यांत जास्त असल्यामुळे त्यांना सगळ्यांत मागची खोली दिली होती.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दादांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं.

"सर, आमच्या तिघांचा परिचय तुमीच करून द्यायचा. लई वाढवू नका. पण काही राहूबी देऊ नका."

मी वही उघडली. दादांनी सांगायला सुरुवात केली. सुरुवातीची सायकल, मग राजदूत, पुराच्या पाण्यातून खांद्यावर बॅग घेऊन गाठलेली वस्ती, विंचू चावलेला पैलवान. तीन पानं झाली. मुलानं केलेल्या शिबिरांची आणि घेतलेल्या प्रशिक्षणांची यादी दीड पान झाली.

"आणि मॅडमचं?" मी विचारलं.

दादा जरा घुटमळले. "सूनबाईंचं काय, त्याबी डॉक्टर हायेत असं म्हणा. बायकांच्या आजाराचं सभेत बोलणं बरं दिसत न्हाई."

मी दोन ओळी लिहिल्या. माझी धाकटी मुलगी याच बाईंच्या हातावर जन्मली होती. पायाळू होती, आणि पुण्याला न्यायला वेळ उरला नव्हता. बाईंनी तासाभरात माय-लेकींना सुखरूप मोकळं केलं आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या होत्या, "सर, तुम्हीच जास्त घामाघूम झालाय, बसा." हे तरी मी लिहायला हवं होतं. पण सभेत ते बरं दिसणार नाही, असं मलाही वाटलं. मराठीच्या शिक्षकाला काय बरं दिसेल याची फार काळजी असते.

उद्घाटनाचा दिवस एप्रिलमधला. आळेफाट्याहून मांडववाला आला होता. त्यानं कापड असं काही ताणलं होतं की ऊन अडायचं नाही आणि वारा मात्र अडायचा. कार्यक्रम दहाचा. मी सकाळी नुसता चहा घेऊन निघालो होतो, कारण पोट भरलेलं असलं की माझा आवाज बसतो अशी माझी समजूत होती. गेले दोन-तीन महिने तहान लागायची फार, रात्रीही उठून पाणी प्यायचो. बोलून बोलून घसा कोरडा पडतो, असं मी बायकोला सांगत असे.

प्रमुख पाहुणे पुण्याचे मोठे हृदयरोगतज्ज्ञ होते. दहा वाजता मुलाचा मोबाईल वाजला. खेडच्या घाटात ट्रक उलटला होता आणि पाहुण्यांची गाडी मागं अडकली होती. मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, तासभर ओढा. लोक उठून जाता कामा नयेत."

मी माईक हातात घेतला. दादांचा परिचय सुरू केला. तीन पानं मी अशी वाचली की त्यांना अर्धा तास लागला. पूर मी कंबरेपासून गळ्यापर्यंत आणला. विंचवाला पैलवानापेक्षा जास्त वेळ दिला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मध्येच म्हणाला, "पैलवान न्हाई मास्तर, तो मीच व्हतो." लोक हसले. तब्येतीवरून तो पैलवान वाटत नव्हता, पण मी त्याला टाळ्या मिळवून दिल्या. मग मुलाची दीड पानं. तीही संपली. रस्त्याकडं पाहिलं तर गाडीचा पत्ता नाही.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला एक बाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. पायात चप्पल नव्हती.

"अवो, आमी तळेघरहून आलोय," ती मोठ्यानं म्हणाली. "पहाटं चालत निघालो, मंग एस्टी. बाईंनी आजच बोलावलं व्हतं. भाषण कवा संपायचं? बाई तपासत्यात का न्हाई आज?"

तिच्यामागं आणखी पाच-सहा बायका होत्या. दोघी पोटुशी. त्यांना उद्घाटन वगैरे काही ठाऊक नव्हतं. स्टेजवर दादांच्या शेजारी त्यांचा मुलगा, त्याच्या शेजारी पाहुण्यांची रिकामी खुर्ची आणि अगदी टोकाला बाई बसल्या होत्या. बाई लगेच उठायला लागल्या, पण दादांनी डोळ्यांनीच त्यांना बसवलं.

"ताई, थोडं थांबा," मी माईकवरून म्हणालो. "आता त्याच बाईंचा परिचय आहे."

मी वहीत पाहिलं. दोन ओळी. त्या वाचायला पाव मिनिट लागलं. तळेघरची बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "एवढंच?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भाषण चालू असताना माईक बंद पडावा तसं तिला वाटलं असावं.

मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्या मुलीचं सांगावं असं मनात आलं, मी तोंड उघडलंही. पण डोळ्यांपुढं मांडवाचं कापड पिवळ्याचं पांढरं झालं, पायाखालची फळी हलली, आणि मी माईकसकट खाली बसलो. बसलो असं मी म्हणतो, बघणारे पडलो म्हणतात.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. चौघांनी उचलून मला नव्या इमारतीत नेलं. दाराला फीत बांधलेली होती, ती कुणीतरी वर उचलून धरली आणि मला खालून आत सरकवलं. नव्या कॉटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. खोलीत तिन्ही डॉक्टर आले आणि दारात आणि खिडक्यांत अख्खा मांडव.

"अशक्तपणा हाय," दादा म्हणाले. "ग्लुकोज लावा."

"दादा, आधी ईसीजी काढू या," मुलगा म्हणाला. "हार्टचं असेल."

दादांनी ऐकलं नाही. चाळीस वर्षांच्या हातानं त्यांनी एका झटक्यात शीर शोधली आणि बाटली टांगली. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "आता उठंल बघा मास्तर." मुलानं माझ्या छातीवर गार तारा चिकटवल्या. गर्दीचा दोघांच्याही कर्तृत्वावर विश्वास बसायला लागला होता, फक्त मला गरगरायचं थांबत नव्हतं.

बाई माझ्या उशाशी आल्या. त्यांनी माझी जीभ बघितली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली.

"सर, सकाळपासून काय खाल्लंय?"

"चहा."

"तहान लागते का फार? रात्री उठावं लागतं का?"

इतक्या लोकांसमोर हे विचारल्यावर मी लाजलो, पण मान हलवली. त्यांनी मागच्या खोलीतून एक लहानसं यंत्र आणलं. सलाईन डाव्या हाताला होतं, म्हणून त्यांनी उजव्या हाताच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावरचा आकडा बघून त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. त्यांनी तो आकडा दादांना दाखवला. नुसत्या चहावर माझी साखर तीनशेच्या वर होती, आणि दादांची बाटली माझ्या अंगात आणखी साखर सोडत होती.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. दादांना कळलं. ते बाटलीकडं बघत उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी टांगलेली बाटली कुणी काढली नव्हती, आणि आज खिडक्यांत गाव उभा होता.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, ही बाटली आता बदलायला घेऊ का?"

बाटली पाव भागही संपली नव्हती. दादा म्हणाले, "घ्या. झालंच हाय तिचं काम." बाईंनी नळीवरचं चाक फिरवून ती बंद केली आणि साध्या मिठाच्या पाण्याची बाटली लावली. खिडकीतला आवाज म्हणाला, "बघा, दुसरी लावली. लई सिरियस दिसतंय."

तेवढ्यात पाहुणे आले. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, आणि सगळे थेट माझ्या कॉटपाशी. पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला, फोटोवाल्याकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, मान्यवरांनी रुग्णांची आस्थेने विचारपूस केली. रुग्ण मी एकटाच होतो. बाई त्या फोटोत नाहीत. मी जरा बरा दिसतोय म्हटल्यावर त्या मागच्या खोलीत तळेघरच्या बायकांना तपासत बसल्या होत्या.

बाईंनी मला गोळ्या सुरू केल्या आणि पंधरा दिवसांनी लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्ट दाखवायला सांगितलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी दादा आमच्या घरी आले. एकटेच आले, ओट्यावर बसले. बायकोनं चहा आणला. मला बिनसाखरेचा, त्यांना नेहमीचा. तो हातात धरून त्यांनी विचारलं,

"सर, त्या दिवशी बाटली कितीक गेली असंल हो?"

"पावसुद्धा नाही, दादा."

"मंग काय व्हतंय तेवढ्यानं," ते म्हणाले. त्यांनी चहा न पिताच खाली ठेवला. "तुमाला जे जे व्हत व्हतं ना, तहान, रातचं उठणं, ते मला वरीसभर व्हतंय."

"मग मॅडमना दाखवा की. घरातच आहेत."

"तिला कसं सांगू? आजवर घरात मी सगळ्यांना सांगत आलोय." मग ते जवळ सरकले. "उद्या तुमी रक्त द्यायला जाणारच हाय. मीबी देतो, तुमच्या नावानं. माझ्या नावानं दिलं तर दुपारपर्यंत बाजारात व्हईल, दादांनाच साखर म्हणून. मंग माझ्याकडं कोण येईल?"

एवढ्या लोकांचा परिचय मी करून दिला होता, पण कुणी मला त्याचं नाव लपवायला सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी रक्त दिलं. नऊला दादांनी दिलं. लॅबवाल्याला त्यांनी दम भरला होता, त्यामुळे त्यानं नाव माझंच लिहिलं. पण तो सरळ मनाचा माणूस. नावाचं सांगितलं होतं, वयाचं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून वय त्यानं समोरच्या माणसाचं घातलं.

संध्याकाळी मी बाईंच्या खोलीत गेलो. टेबलावर लॅबवाल्यानं थेट धाडलेले दोन रिपोर्ट शेजारी शेजारी होते, दोन्ही माझ्याच नावाचे. मागची खोली नव्या इमारतीतही मागचीच होती, फक्त फरशी नवी.

"सर," बाई म्हणाल्या, "सात वाजता तुमचं वय सत्तेचाळीस होतं. नऊ वाजता बहात्तर झालं."

मला एकदा वाटलं, रात्रभर तयारी करून आलेल्या वक्त्यासारखं काहीतरी लांबण लावावं. पण त्यांनी ती वेळ येऊ दिली नाही. दोन कागद घेतले, दोन चिठ्ठ्या लिहिल्या. दुसरी लिहिताना त्या मध्येच थांबल्या आणि कपाळावरचा घाम पदरानं टिपला. डोळेही टिपले की काय, मला नक्की सांगता येणार नाही.

"ही तुमची," त्या म्हणाल्या. "आणि ही सत्तेचाळीसच्या पुढच्यांची. जेवणाआधी घ्यायला सांगा. चहात साखर घालणं मी घरी आजपासून बंद करते, सगळ्यांचंच. कुणी विचारलं तर सांगेन, माझं वजन वाढलंय."

दादांना मी चिठ्ठी नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. सुनेचं अक्षर त्यांनी ओळखलं, हे मला दिसलं. "डोस बरोबर दिलाय," एवढंच ते म्हणाले आणि घडी घालून खिशात ठेवली.

पुढं ते होते तोवर, जवळजवळ सहा वर्षं, मेडिकलमधून दोघांच्याही गोळ्या मीच आणायचो, माझ्याच नावावर. मेडिकलवाला दर महिन्याला माझ्याकडं काळजीनं बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "सर, एवढ्या गोळ्या घेताय, कुणा मोठ्या डॉक्टरला दाखवा की. त्या बाईंना काय जमतंय?"

"जमतंय तेवढं करतायत," मी म्हणालो आणि पिशवी उचलली.