हमीदचाचा आणि छतावरचं ऊन

मी गाडीची किल्ली हातात दिली, तशी हमीदचाचांनी गाडी शेडमधून बाहेर काढून भर उन्हात उभी केली, सगळ्या काचा बंद केल्या आणि डोक्यावरची टोपी काढून आत बसून राहिले. एप्रिल महिना, दुपारचा एक वाजलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी घाबरून काच वाजवली, तर त्यांनी डोळे न उघडताच हातानं थांबा म्हणून खुणावलं. बाहेर आले तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता.

"डाव्या बाजूला जास्त लागतंय," ते म्हणाले. "पेशंट डावीकडं बसतो ना?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, डावीकडेच बसायचे. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले अण्णा दीड वर्षापासून डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीन दिवस मी त्यांना रावेतहून चिंचवडला न्यायची, आणि आम्हाला पाळी मिळाली होती ती नेमकी दुपारची. गाडी पंधरा वर्षांची, दोन मालकांच्या हातून माझ्याकडे आलेली. तिला पुढच्या सीटच्या वर सनरूफ होतं. त्याच्या आतलं सरकतं झाकण कधीच मोडून अडकलेलं, त्यामुळे ऊन थेट अण्णांच्या डोक्यावर यायचं. डायलिसिस झाल्यावर त्यांचा रक्तदाब उतरायचा आणि त्यात ते ऊन. एकदा काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला त्यांची मान एकाएकी कलली. मी गाडी बाजूला घेऊन त्यांच्या तोंडावर ओढणी धरून रडत बसले होते. दुसऱ्याच दिवशी बाजारातून रबरी चकत्यांनी चिकटणारी काळी जाळी आणली. तिनंही भागेना, म्हणून गाडी चाचांकडे आणली होती.

ती जाळी चाचांनी दोन बोटांत उचलली. "काळं कापड? ह्याचा तर तवा होतोय, ताई. वर काच तापती, खाली हे तापतंय, मधी तुमचं वडील भाजत्यात. ऊन दारातच अडवायचं. आत आल्यावर त्याच्याशी भांडून उपेग न्हाई."

चाचा मूळचे बार्शीकडचे. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवून शिवून हात बसला, मग निगडीत रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. सीट, छताचं अस्तर, कव्हर, सगळं एकटेच करायचे. सनरूफच्या कामाला त्यांनी दोन दिवस घेतले. काचेला उष्णता अडवणारी फिल्म लावली. मोडकं झाकण काढून त्या जागी हलकी चौकट बसवली. तिला वरून चंदेरी कापड, खालून पांढरा नमदा, दाबलेल्या लोकरीचा. काच आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटं मोकळी जागा ठेवली. "हवा बी कामाला लावायची," म्हणाले. गाडी उभी असताना छतावर बांधायला नाड्या लावलेला एक जाड तुकडाही शिवून दिला.

काम झालं तरी त्यांचं समाधान होईना. "जिथं पेशंट बसतो तिथं बसून, त्याच टायमाला, त्याच रस्त्यानं जाऊन बघाया पाहिजे."

तो गुरुवार होता. गुरुवारी त्यांच्या भागात वीज नसे, शिलाई मशीन बंद असे. चाचा पुढे बसले, अण्णा मागे. चिंचवडच्या वळणावर कडेच्या फटीतून उन्हाची एक रेघ चाचांच्या कपाळावर आली. "घावली!" असं म्हणून ते लहान मुलासारखे हसले. त्या फटीला पट्टी लावली आणि अण्णांचा प्रवास खरोखर सुखाचा झाला. परतताना ते गाडीत झोपू लागले. त्यांची मान आता झोपेनं कलायची. किती दिवसांनी मी सिग्नलला निवांत श्वास घेतला.

त्या पहिल्या गुरुवारी चाचा परत जायला रिक्षा शोधत होते. अण्णा म्हणाले, "हमीदभाई, चार तास मी नुसता छताकडं बघत पडतो. बसा की." चाचा बसले. मग दर गुरुवारी येऊ लागले. अण्णा लेथच्या गोष्टी सांगायचे, चाचा शिलाईच्या. दोघांनी आयुष्यभर गाड्यांचेच भाग बनवले होते, दोघांनाही नवी गाडी कधी घेता आली नव्हती, आणि यावर दोघं इतके हसायचे की सिस्टर ओरडायच्या.

अण्णांना दिवसाला मोजकंच पाणी चालायचं. उन्हाळ्यात ते जिभेवर बर्फाचा खडा धरून बसायचे. एका गुरुवारी मी चाचांना पाण्याची बाटली दिली, त्यांनी नेहमीसारखी बाजूला ठेवली. अण्णा चिडले. "तुम्हाला प्यायला मुभा आहे अन् तुम्ही पीत नाही? मला बघा, मी नळाचा आवाज ऐकून झुरतोय."

"सवय न्हाई, अण्णा. पाणी प्यालं की उठावं लागतंय. शेडला मोरी न्हाई, संडास न्हाई. कापलेलं काम उघडं टाकून पेट्रोल पंपापर्यंत कोण जाणार? सकाळी निघताना एक गलास, घरी गेल्यावर एक."

"किती वर्षं?"

"शेड हाय तवापासून. पंधरा-सोळा."

 अण्णांची नजर चाचांच्या पायांवर गेली. चपलेचा पट्टा पावलात रुतला होता. ती सूज अण्णांना ओळखीची होती, मलाही असायला हवी होती. इतके गुरुवार तो माणूस माझ्या गाडीत बसत होता आणि मी वर काचेकडे बघत होते. अण्णांनी सिस्टरना हाक मारली. "यांचं रक्त घ्या. आत्ताच."

रिपोर्ट आला, चाचांची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. डॉक्टर म्हणाले, एकच कारण सांगता येणार नाही. रक्तदाब असेल, पण इतकी वर्षं तापलेल्या गाड्यांमध्ये बिनपाण्याचं काम, त्यानंही मूत्रपिंडं सुकली असणार. चाचांनी कागद उलटा-सुलटा केला आणि माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखं हसले. "मी दुसऱ्याच्या गाडीतलं ऊन शोधत बसलो, ताई."

दिवाळीपर्यंत अण्णांच्या शेजारचा पलंग त्यांचा झाला. मी आता दोघांना न्यायची. चाचांना निगडीहून घ्यायचं, त्यांची मुलगी शबाना डबा घेऊन दारात उभी असायची. अण्णा त्यांना हट्टानं पुढे, सनरूफखाली बसवायचे आणि स्वतः मागे बसायचे. अण्णांनी त्यांना पाणी मोजायला शिकवलं, कुठल्या हाताला सुई कमी दुखते ते सांगितलं. उरलेल्या दिवशी चाचा शेड उघडतच होते. मी रागावले तर म्हणाले, "लोकं उन्हाची गाडी घिऊन येत्यात, ताई. परत पाठवू?"

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी शबानाचा फोन आला. "अब्बू उठले नाहीत," एवढंच म्हणाली. 

अण्णांना मी जाऊ नका म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. शबानाच्या भावाचा हात धरून ते कब्रस्तानात गेले. मी बायकांबरोबर घरी थांबले. ते परत आले तेव्हा डाव्या हाताची मूठ मिटलेली होती. कबरीवर माती दिली होती त्यांनी, रीतीप्रमाणे तीन वेळा. रावेतला पोहोचल्यावर मी हात धुवायला पाणी आणलं तर म्हणाले, "राहू दे." तसेच न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दुपारी चिंचवडला गेलो. शेजारच्या पलंगावर स्वच्छ चादर घातली होती. सुई डाव्या हाताला टोचायची आणि त्याआधी तो हात साबणानं धुवावा लागतो, नेहमीचाच नियम.

"काका, हात धुऊन या," सिस्टर म्हणाल्या.

अण्णा बेसिनपाशी गेले. नळ सोडला. नखांतली माती त्यांना दिसत होती. पाणी वाहत राहिलं आणि अण्णा हात मागे घेऊन तसेच उभे राहिले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले तर म्हणाले, "मनू, तूच धू. मला नाही जमायचं."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि पाण्याखाली धरला.