मशीन बिघडलंय, असं मी म्हणाले

मंदाचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होते. "वन्सं, हे गेले," ती म्हणाली. माझा धाकटा भाऊ दत्तू गेला असं माझी भावजय सांगत होती, आणि मी तिला विचारत होते, "नीट बघितलंस ना? डॉक्टरांना परत बोलाव." वाईट बातमी आली की आधी ती सांगणाऱ्यावरच संशय घ्यायचा, ही माझी जुनी खोड. त्या खोडीचंच आज सांगायचंय... दत्तूला जाऊन सहा आठवडे झाले, आता सांगायला हवं.

दत्तू माझ्याहून सात वर्षांनी लहान. कराडजवळच्या आमच्या गावातून फौजेत गेला. हातात सुतारकाम होतं म्हणून शेवटची वर्षं दिल्ली छावणीत साहेबलोकांच्या गोल्फच्या काठ्या दुरुस्त करायचं काम त्याच्याकडे आलं. पेन्शन झाली, तर मी त्याला गावी जाऊ दिलं नाही, इथे गुडगावात आमच्याजवळच ठेवलं. आम्ही नवराबायको इथे आलो तेव्हा घरामागे मोहरीची शेतं होती. बघता बघता तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींतल्या साहेबांना चाळिशीत गोल्फची हौस आली. आमचे शेजारी मल्होत्रा यांनी त्यांच्यासाठी दुकान काढलं. शिंपी कपडा बेततो तशी ज्याच्या-त्याच्या मापाची काठी करून द्यायची. मी दत्तूचं नाव सुचवलं.

पहिल्याच दिवशी मल्होत्रा म्हणाले, "दत्ताजी, क्लब बोलिए. काठी तो घोड़े की होती है." हिंदीत काठी म्हणजे खोगीर. दत्तू म्हणाला, "साहब, हमारे में आदमी की भी होती है. पहले वो देखूँगा, फिर दूसरी बनाऊँगा." आधी अंगकाठी, मग काठी, हे त्याचं शास्त्र. गिऱ्हाइकाला हात सैल सोडून उभं करायचा, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावायचा, तळवा बघून मुठीची जाडी ठरवायचा. मग लोखंडी काठीची मान पोलादी पकडीत धरून अंश, अर्धा अंश वाकवायची. तिथे हात हलून चालत नाही.

मग मशीन आलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, चेंडूमागे जमिनीवर ठेवायची. फटका मारला की चेंडू किती वेगानं सुटला, किती कोनात चढला, किती गरगरला, सगळं पडद्यावर. आमच्या ह्यांच्या कारखान्यात मशीनं आल्यावर किती माणसं घरी बसली ते मी पाहिलं होतं. म्हटलं, "आता तुझी गरज काय राहिली रे?" तो हसला. "अक्का, मशीन नुसतं बोलतं. काठी मलाच वाकवायची आहे." उलट त्याला मशीनचा लळा लागला. रोज दुकान उघडलं की ते बरोबर चालतंय ना हे पाहायला एकाच काठीनं दहा चेंडू मारायचा. छावणीत साहेबलोकांना बघून बघून त्याचा फटका असा बसला होता की दहाही आकडे एकमेकांना चिकटून यायचे.

एका रविवारी जेवायला आला. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "अक्का, महिनाभर आकडे फाकतायत. एक इकडे, एक तिकडे. मला काय वाटतं..." मी पुढे बोलूच दिलं नाही. "मशीन बिघडलं असेल. गुडगावात धूळ काय कमी आहे? कंपनीचा माणूस बोलाव." खरं सांगते, त्याच्या हातातला कप बशीवर किणकिणताना मी दिवाळीपासून ऐकत होते. सांडायला नको, कुणाला दिसायला नको, म्हणून त्याला कप अर्धाच भरून देत होते. त्याची नोकरी जाईल ही एक भीती. तिच्यामागे दुसरी होती, तिचं नावही मला घ्यायचं नव्हतं. पुढच्या रविवारी दारातच विचारलं, "मशीनचं काय झालं?"

"तू म्हणालीस तसंच. बिघडलंच होतं. केलं त्यांनी नीट."

मी त्या दिवशी शिरा केला.

आठ महिन्यांनी एका गिऱ्हाइकाच्या काठीची मान त्याच्या हातून तुटली. मल्होत्रा स्वतः त्याला गाडीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेले. कंपवात निघाला. डॉक्टर म्हणाले, "पहले क्यों नहीं आए?" गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या तर हात अजून काही काळ कामाचे राहिले असते. दत्तूनं ती पकड सोडली ती कायमचीच. मल्होत्रांनी त्याला काढलं मात्र नाही, पडद्यासमोर खुर्ची दिली. पुढची काही वर्षं तो आकडे वाचायचा आणि रेखा काठ्या वाकवायची; रोहतकची ही पोरगी त्याच्याच हाताखाली तयार झालेली. पण मला सारखं वाटायचं, त्याचे आठ महिने मी खाल्ले. दर रविवारी तो यायचा, आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो. हे तेवढं नाही.

तेराव्याला रेखा आली. पानं उठल्यावर माझ्याजवळ बसली. मी उगाच विषय काढला, "बेटा, वो मशीन एक बार ख़राब हुई थी ना?"

"ख़राब कब हुई, आंटी जी?" ती म्हणाली. "कंपनी वाला आया था, सब खोल के देखा, बोला मशीन बिल्कुल ठीक सै. चाचा ने ही काग़ज़ पे साइन करा था." सही करून झाल्यावर दत्तू तिला म्हणाला होता, "घर पे बोलूँगा मशीन ही ख़राब थी. मेरी अक्का फ़िकर बहुत करती है."

म्हणजे त्याला कळलं होतं. डॉक्टरांकडे जावं तर मला कळणार, म्हणून गेला नाही... आठ महिने तो माझ्या काळजीला सांभाळत बसला. आणि मी समजत होते, सांभाळते आहे ती मी.

परवा रविवारी माझी मुलगी आली, दत्तू बसायचा त्याच खुर्चीत बसली. म्हणाली, "आई, हल्ली जिना चढताना अर्ध्यात थांबतेस का गं?" छे, गुडघे गं, असं अगदी जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, "दम लागतो. दोन महिने झाले."

तिचा चेहरा उतरला. हुबेहूब माझाच चेहरा. "हवेनं होत असेल गं," ती घाईघाईनं म्हणाली, "इथली हवा म्हणजे तुला माहितीये..."

"असेलही," मी म्हणाले. "तू डॉक्टरांची उद्याची वेळ घे."